मागचे खड्डे

ओहोटी लागली की विल्फ्रेड चार्लटन दाताळे आणि बादली घेऊन नॉर्थंबरलंडच्या किनाऱ्यावर उतरे. ओल्या वाळूवर शेवेसारखी वेटोळी दिसली की खाली वीतभर आत गांडूळ असणार, हे ठरलेले. गळाला लावायला तेच लागे. दाताळ्याने तुटलेले गांडूळ मात्र वेगळ्या डब्यात टाकायचे, नाहीतर आख्खी बादली नासते.

एकोणचाळीस वर्षे हाच उद्योग, आणि त्यातली अडतीस वर्षे मागे त्याची बायको हिल्डा. तो खणत पुढे जाई. ती गांडुळे वेचून खड्डे बुजवत मागून येई. हिल्डा गेल्यावर तो वेचायला शिकला. मागे वळून पाहायची सवय मात्र त्याला कधी लागलीच नव्हती.

मार्चमध्ये त्याची गांडुळे विकत घेणारी, गळाच्या दुकानाची आयव्ही डॉड्स त्याच्या दारात आली. त्याच्या खड्ड्यात कुणाची तरी घोडी रुतून लंगडी झाली होती. भरती येऊन गेली की वरून वाळू सपाट दिसते, आत नुसता चिखल. म्हाताऱ्याला आता किनारा बंद करा, असे गावच्या सभेत चालले होते. आयव्हीने कशीबशी एक संधी मागून घेतली होती.

"मी बुजवतो की खड्डे," विल्फ म्हणाला.

"हिल्डा बुजवायची, विल्फ."

त्याने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या कडेपर्यंत खणून झाल्यावर त्याने मागे पाहिले. पार वरपर्यंत खड्ड्यांची सरळ रांग होती, प्रत्येकात आभाळाचा तुकडा. माणूस कुठेच नव्हते. भरती सुरू झाली होती. बादली तिथेच ठेवून तो एकेक खड्डा बुजवत वर निघाला. शेवटचा बुजवून वळला, तेव्हा बादली आडवी होऊन पाण्यावर हेलकावत होती.

आयव्ही वर गवतात उभी होती. "किती मिळाली?"

"एकही नाही. उद्यापासून उलटा चालत खणीन. काढलेली वाळू आधीच्या खड्ड्यात. अर्धीच मिळतील बघ."

"अर्ध्यात भागवीन मी. गिऱ्हाइकं तरी कुठं उरलीत, मेल्या."

तेव्हापासून तो समुद्राकडे पाठ करून खणतो. बुजवलेली वाळू आता त्याच्या समोर असते. कधीकधी दाताळे रोवून तो थोडा वेळ नुसता थांबतो, मागे राहिलेल्या कुणीतरी येऊन गाठावे म्हणून थांबावे तसा, आणि मग पुन्हा एक पाऊल मागे सरकतो.