सरोजबाईंचा आवाज

"तुला एखादा शब्द खटकत असेल तर दुसरा सुचव. नुसतं नको नको काय लावलंयस?" हरिहरांनी चष्मा काढून टेबलावर जवळजवळ आपटलाच.

"शब्दाचं काही नाही. ती ओळच नको."

"अगं, सगळ्यांना हीच आवडलीय. 'घ्या, ते तुमचंच आहे.' शेंबड्या पोरालाही कळेल. उद्या ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये संस्थेची बैठक आहे, मतं पडली की संपलं. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला ही ओळ वाजणार आणि ती तुझ्या आवाजात, हे तर कधीच ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"आता हे काय नवीन!"

"मी ती ओळ म्हणणार नाही. का, ते तुम्हाला गुरुवारीच सांगितलंय."

"ते एका लबाड कंपनीचं पाप आहे सरोज. एक चोर शिरला म्हणून पाणपोई बंद करायची का?"

क्षिप्रा मटार सोलत बसली होती. सासू-सासऱ्यांच्या भांडणात सुनेने पडू नये म्हणून ती सोललेल्या शेंगाच पुन्हा चाचपू लागली. मुकुल लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, जरा हळू. खालपर्यंत ऐकू जातंय."

"जाऊ दे! आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही," हरिहर म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

लपवून ठेवणं हरिहरांना खरोखरच आवडत नसे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चार मित्रांना घेऊन 'मोकळी पाने' ही संस्था काढली. हक्क संपलेली जुनी पुस्तकं, शिक्षकांनी आपणहून दिलेली टिपणं, सगळं इंटरनेटवर फुकट ठेवायचं. कोणीही घ्यावं, बदलावं, हवं तर विकावं. विचारायला लागणं हाच पहिला अडसर, असं ते प्रत्येक सभेत सांगत. पुढे अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ठेवायची टूम निघाली, तेव्हा वाचायला माणूस शोधावा लागला नाही. बायको मराठीची शिक्षिका होती, नुकतीच निवृत्त झाली होती, आणि घरातच होती.

कोपरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतींवर आवाज आपटून घुमायचा. मग कोणीतरी युक्ती सांगितली आणि सरोजबाई साड्यांचं कपाट उघडून, दोन्ही दारांच्या मध्ये उभ्या राहून वाचू लागल्या. दुपारची जेवणं उरकली, पाण्याची मोटर बंद झाली, इमारत पेंगुळली, की त्या पंखा बंद करायच्या आणि साड्यांत तोंड घालायच्या. मे महिन्यात पाठीवरून घामाचे ओघळ यायचे, डांबराच्या गोळ्यांच्या वासाने डोकं चढायचं. तरी त्यांना ती वेळ आवडायची. घरात आपलं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. कपाटात तोंड घालून मात्र त्या प्रकरणंच्या प्रकरणं बोलत, आणि कुठेतरी कोणीतरी ती ऐकत असे.

त्या कोणीतरीला एक दिवस नाव मिळालं. कल्याणहून रसिकाचा फोन आला. कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. डोळ्यांना फक्त उजेड कळायचा. खिडकी कुठे आणि भिंत कुठे, पुढून कोणी गेलं का, एवढंच. "बाई, तुम्ही मोठा श्वास घेता ना, तिथे मला समजतं, नवा परिच्छेद आला," ती म्हणाली होती. तेव्हापासून सरोजबाई परिच्छेदापाशी मुद्दाम थांबून श्वास घेऊ लागल्या होत्या.

तिच्या आईचा, नंदाचा, फोन आला म्हणून गुरुवारी त्या तिच्याकडे जाऊन आल्या होत्या. नंदा पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. त्या दिवशी कामावर गेली नव्हती. चाळीतल्या त्या खोलीत रसिका भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या.

"इन्फेक्शन म्हणाले डॉक्टर," नंदा म्हणाली. "थेंब घातले ना हिने. डोळ्यांत तेज येतं म्हणून. मी नको म्हणत होते ओ बाई. पण ही म्हणाली, बाई स्वतः सांगतायत, बाई काय खोटं सांगणारेत?"

नंदाने फोन पुढे केला. त्यातून सरोजबाईंचाच आवाज आला. तोच स्वच्छ उच्चार, तीच वर्गात बोलल्यासारखी आर्जवी लकब. नियमित दोन थेंब घाला, अंधुक दिसणाऱ्यांना आठ दिवसांत फरक, आजच मागवा.

"हे मी नाही बोलले गं," सरोजबाई म्हणाल्या.

"मग कोण बोललं?" रसिकाने विचारलं.

मुकुलने नंतर जे समजावून सांगितलं, ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांची तासन्‌तास वाचलेली पुस्तकं थेंब विकणाऱ्या कंपनीने उचलली होती आणि यंत्राला तो आवाज शिकवला होता. आता यंत्र त्या आवाजात काहीही बोलू शकत होतं.

"त्यात तुम्ही श्वास घेत नव्हता बाई," रसिका जरा वेळाने म्हणाली. "मला वाटलं, घाईत असाल."

नंदाने चहा केला होता. तो पिणं सरोजबाईंना भाग होतं.

"उजेड?" त्यांनी दाराशी नंदाला हळूच विचारलं. नंदाने नाही म्हणून मान हलवली. आतून रसिकाने हाक मारली, "बाई, इतिहासाची शेवटची तीन प्रकरणं कधी टाकताय? परीक्षा आहे ना."

रविवारी दुपारी हरिहर ठाण्याहून परतले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. "एकमताने! एक मत विरोधात नाही," त्यांनी पुडा क्षिप्राच्या हातात दिला. "आणि थेंबवाल्यांचा निषेधही करायचा ठरलाय. मुकुल, त्यांना कडक तक्रार पाठव. बस ना सरोज, घे पेढा."

सरोजबाईंनी पेढा घेतला नाही.

मुकुल माजिवड्याच्या एका कंपनीत होता आणि सुट्टीच्या दिवशी संस्थेची वेबसाइट बघायचा. तो सकाळपासून तक्रारीच्या तयारीला लागला होता. "बाबा, तक्रारीला आईचं संमतीपत्र जोडावं लागेल. पुस्तकं वाचून देणाऱ्या बाकी सगळ्यांची सापडली. आईचं नाही सापडत."

"नसेलच."

"म्हणजे?"

"अरे, घरच्या माणसाकडून कसली संमती लिहून घ्यायची?"

मुकुलने लॅपटॉप मिटला. संमतीपत्राशिवाय एक ओळही चढवायची नाही, हा नियम हरिहरांचाच. एका म्हाताऱ्या मुख्याध्यापकांना सही राहिली म्हणून त्यांनी बदलापूरहून परत बोलावून घेतलं होतं, भर उन्हात.

"म्हणजे आईचा आवाज आपण तिला न विचारताच वाटला," मुकुल म्हणाला.

"न विचारता काय? ती स्वतःच वाचत होती ना रोज!"

"अंध मुलांसाठी वाचत होते मी," सरोजबाई म्हणाल्या. "विकायला नाही. कोणी वाटेल ते करावं म्हणून नाही. तुम्ही सभेत सांगायचात, ते मी चहा गाळताना ऐकायचे. मला वाटायचं, पुस्तकांबद्दल आहे."

 हरिहर उठले, कपाटातून संमतीपत्राचा कोरा नमुना काढून आणला आणि पेनासकट सरोजबाईंपुढे ठेवला.

"चूक झाली. मान्य. आता सही करून टाक. तारीख मागची घालू, म्हणजे कटकट नको."

क्षिप्राने पुडा ओट्यावर ठेवला. "बाबा, मागची तारीख?" ती पहिल्यांदाच बोलली.

सरोजबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. या माणसाने आयुष्यात कधी खोटं बिल दिलं नव्हतं, रांग मोडली नव्हती. त्या प्रामाणिकपणापायी सरोजबाईंनी किती काय सोसलं होतं, पुन्हा वर त्याचा अभिमान धरला होता. 

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "मुकुल, माझी सगळी पुस्तकं उतरव."

"आई, उतरवली तरी जे बाहेर गेलंय ते परत येत नाही. त्यांच्याकडे आवाज आहेच."

"माहीत आहे."

"आणि बाकीची मुलं?" हरिहरांचा आवाज चढला. "एका रसिकासाठी शेकडो मुलांचं वाचन बंद करणार तू? त्यांनी काय बिघडवलंय तुझं?"

 कोण कुठे ती मुलं, कानाला फोन लावून बसलेली. उद्या बटण दाबतील आणि काहीच वाजणार नाही. सरोजबाईंना ती दिसत होती, हरिहरांना दिसत होती त्याहून जास्त. त्यांनी कोऱ्या नमुन्यावरचं पेन उचललं, टोपण लावलं आणि पेन हरिहरांकडे सरकवलं.

"संध्याकाळपर्यंत उतरव," त्या मुकुलला म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गात सुट्टी जाहीर करायच्या आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी मी घरी नसेन. कल्याणला जाणार आहे, रसिकाला समोर बसून वाचून दाखवायला. जेवण झाकून ठेवीन, आपापलं वाढून घ्या."