हलका ठोका, खोल ठोका

कसब्यातल्या आमच्या तांबट आळीत दिवसभर ठोकाठोक चाले. आजारी आबा, म्हणजे माझे वडील, कारखान्यामागच्या खोलीत पडून असत. त्या सकाळी वैद्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता औषधाचा उपयोग नाही. मी आत जाऊन म्हणालो, "पथ्य पाळा म्हणाले, उतार पडेल." त्यांना खरं वाटावं म्हणून लगेच कामाला बसलो.

श्रीमंतांच्या मुदपाकखान्याचा हंडा होता. त्यावर सारखे ठोके उमटवायचे, रोजचंच काम. पण हात ताब्यात राहीना. एक ठोका हलका पडे, दुसरा खोल. मुद्दाम सारखे मारू गेलो, तर आणखीच वेडेवाकडे पडले.

आतून आबांनी विचारलं, "वैद्य खरं काय म्हणाले?"

"सांगितलं ना."

"तुझा ठोका असा कधी पडत नाही."

मी पुन्हा हातोडा उचलला. ते म्हणाले, "बरं, हंडा ठेव खाली. मरणार मी, खड्डे त्या हंड्याला कशाला?"

मी त्या दिवशी कामाला बसलोच नसतो, तर त्यांची आशा आणखी काही दिवस टिकली असती. हे मला अजून छळतं.