मोठेबाबांनी आज न नाचता घुंगरू सोडले

मित्रांनो, आज गोंदियात माझ्या मोठेबाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा, सत्कार झाला. दंडार हा आमच्याकडचा नाचगाण्याचा लोकनाट्यप्रकार; केशोरीकडच्या आमच्या दंडार मंडळाचे ते प्रमुख. जन्मभर लुगडं नेसून बाईच्या सोंगात नाचले, गावोगावच्या पोरांचे नाच बसवले.

निघताना त्यांनी धोतराखाली घुंगरू बांधले. म्हटलं, "हे काऊन?"

"कलेचा सत्कार हाये म्हणतेत. नाचा लागन ना बापू."

शाल मिळाली, नारळ मिळाला. मग भाषणं. लोककला जगली पाहिजे, असं प्रत्येक पाहुणा बोलला. दर भाषण संपलं की मोठेबाबा खुर्चीच्या काठावर सरकत. शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, "समय कम है, सब लोग भोजन कर लीजिए." हॉल रिकामा झाला.

दंडारीत एकदा बांधलेले घुंगरू नाचल्याशिवाय सोडत नाहीत. भर तापातही त्यांनी हे मोडलं नव्हतं.

बस स्टँडच्या बाकावर त्यांनी पाय माझ्यापुढे केला. "सोड."

"पण तुम्ही नाचलेच कुठं?"

"कोण पाहून राहिला आता?"

मी सोडले. ते घुंगरू सत्काराच्या शालीत गुंडाळून त्यांनी मला दिले. मला नाचता येत नाही. मंडळात आता नाचणारं कोणीच उरलं नाही. सांगा, हे मी कोणाच्या पायात बांधू?