पवन्याच्या तुऱ्यासाठी लेन्स

रविवार, भाद्रपद. गौरी नुकत्याच उठलेल्या. जागा: भूमहून पाथरूडकडे जाताना लागणारा माळ. हजर: मेडिकलवाले, एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर साहेब, मी आणि सर. चहाचा थर्मास माझ्याकडे, खारे शेंगदाणे मेडिकलवाल्यांकडे. अशी नोंद मी दर रविवारी ठेवते. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, हजेरी घेतल्याशिवाय मला काही सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

त्या सकाळी सर गवतात जवळजवळ पालथे झालेले होते. कॅमेऱ्याच्या तोंडाला चिकटपट्टीनं बसवलेली पुठ्ठ्याची नळी आणि नळीच्या टोकाला खराट्याची एक काडी. काडीचं टोक एका नाकतोड्याकडं हळूहळू सरकत होतं.

"सर, ऊन चढायलंय," मी म्हणाले.

"घाई न्हाय," सर मान न वळवता म्हणाले. "नाकतोडा कुठं पळून चाललाय?"

नाकतोडा उडाला. कंट्रोलर साहेब म्हणाले, "गाडी वेळेवर सुटली." सर उठले, पँटला लागलेली कुसळं झटकत आमच्याबरोबर हसले.

हा प्रकार काय होता ते सांगते. सरांना जवळून फोटो काढायची लेन्स घ्यायची होती, मॅक्रो म्हणतात ती. ती साठ मिलिमीटरची मिळते, शंभरची मिळते, दीडशेचीही मिळते. साठची लहान आणि हलकी, पण पुरता मोठा फोटो हवा तर वस्तूच्या अगदी चार बोटांवर जावं लागतं. दीडशेची लांबून काम करते, पण ती जड आणि हात जरा हलला तरी फोटो हलतो. शंभरची दोन्हींच्या मधली. सोलापूरच्या दुकानदारानं सरांना फोनवर सांगितलं होतं, "किडे काढायचे तर अंतराचा विचार करा." सरांनी तो विचार मनावर घेतला. प्रत्येक लेन्सच्या लांबीची पुठ्ठ्याची नळी कापली. लेन्स आणि किडा यांच्यात राहणारं अंतर म्हणून तेवढी काडी लावली. कुठल्या काडीला कुठला किडा उडतो ते बघत त्यांनी अख्खा भाद्रपद आणि आश्विन माळावर घालवला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. चप्पल घ्यायला जातो आणि दुकानभर चालून बघतो. सर त्यातले. जळकोटला शाळेत इतिहास शिकवत होते, तेव्हाही म्हणे एका लढाईला दोन आठवडे लावायचे. मुलं विचारायची, "सर, जिंकलं कोण?" सर म्हणायचे, "घाई न्हाय."

निवृत्तीनंतर ते भूमला आले, कारण काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, माहेर इथलं. माहेर मेंढपाळांचं. काकूंचे भाऊ अजून मेंढरं घेऊन माळावर असतात. आमच्या रविवारच्या मंडळींत सर आले ते एक साधा कॅमेरा गळ्यात घालून. आम्हाला पक्षी हवे असायचे. सर खाली बघत चालायचे. आम्ही विचारलं, "सर, काय शोधताय?" तर म्हणाले, "किडे." आम्ही मानलं. कोण कशाचा फोटो काढतो यात संशय घ्यायचं कारण काय?

मग आम्ही सगळेच त्यांच्या मदतीला लागलो. मेडिकलवाल्यांनी मोबाइलवर माहिती काढली. कंट्रोलर साहेबांनी मत दिलं की लांबची ती चांगली, किड्याला कळायच्या आत काम उरकतं. मी तिन्ही लेन्सचा तक्ता केला: वजन, अंतर, हात हलण्याचा धोका, दुरुस्ती कुठं होते. सर तक्ता घ्यायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि पुढच्या रविवारी नवी नळी घेऊन यायचे.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. सर कितीही रमले तरी ठरल्या वेळेला उठायचे. "निघतो, घरी कुणी न्हाय." भाची सकाळी येऊन काकूंजवळ बसायची, पण नंतर तिची शिकवणी असायची. एरवी घाई नसलेला हा माणूस त्या एका वेळेला माळावरून अक्षरशः पळत सुटायचा. काकूंना बरं नसतं एवढंच आम्हाला माहीत होतं.

कार्तिकात मी ठरवलं, हा विषय निकाली काढायचा. शेवटचा तक्ता घेऊन थेट त्यांच्या घरी गेले.

काकू टीव्हीसमोर बसल्या होत्या, पण टीव्हीकडं तोंड करून नाही. खुर्ची जवळ ओढलेली, मान एका बाजूला वळवलेली, जणू भिंतीला काही विचारतायत. मी आल्याचं कळल्यावर त्यांनी तशीच मान माझ्याकडं तिरपी केली.

"या मॅडम. समोर बसू नका, समोरचं दिसत न्हाय मला. बाजूला बसा, म्हंजे दिसता."

साखरेनं डोळ्यांचा पडदा गेला होता. मधला भाग आधी गेला, कडेचं हळूहळू चाललं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेलं किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. बारीक काही दिसायचं नाही. टीव्हीच्या पडद्यावर मोठं आणि स्वच्छ असलं तर तिरप्या मानेनं ओळखू यायचं.

मी तक्ता उघडला. "सर, आता ठरवा. किड्यांसाठी शंभरची घ्या, मी सगळं बघून आलेय."

"किड्यांसाठी?" काकू म्हणाल्या. "कसले किडे? ह्यांनी सांगितलं न्हाय व्हय तुमाला? माझ्यासाठी पवन्याचा तुरा काढणारायत."

सर उठले. "चहा टाकतो," म्हणून आत गेले.

काकू सांगत राहिल्या. पवन्या म्हणजे माळावरचं गवत. लहानपणी मेंढरांमागं फिरताना त्या दुपारी गवतात आडव्या व्हायच्या. पावसाळा सरत आला की सकाळी पवन्याला तुरा येतो. जांभळट, पिसासारखा, तिळाएवढा. ऊन चढलं की गळून जातो. तोडून घरी आणावा तर वाटेतच झडतो. "कुणी बघत न्हाय त्याच्याकडं. मेंढरू खातं आन् पुढं जातं. म्या बघायची. ह्यांना एकदा म्हणलं, सगळं दिसायचं बंद व्हायच्या आदी तेवढा एकदा बघायचाय. मोबाइलवर काढून आणला ह्यांनी, तर नुसतं हिरवं हिरवं. मग म्हणले, थांब, त्याची लेन्स असती."

सर चहा घेऊन आले. कप ठेवताना त्यांचं लक्ष कपातच.

"सर," मी म्हणाले, "गवत कुठं उडून जातंय?"

सरांनी बशी माझ्याकडं सरकवली.

"नाकतोड्याच्या अंतरावरून तुम्ही गवताची लेन्स ठरवत होता?"

"दुकानदाराला बी किडेच सांगितलं होतं," सर म्हणाले. "तुमाला बी. एकदा सांगितल्यावर..." त्यांनी तक्त्याची घडी केली. "बायकोला गवत दाखवायला लेन्स घेतोय म्हणल्यावर कंट्रोलर साहेब वर्षभर हसले असते."

काकू हसल्या. "हसू दे की. हसून काय तुमचं गवत वाळणार होतं?"

पण ते वाळलंच होतं. कार्तिक लागला होता आणि माळ पिवळा पडला होता. काकूच म्हणाल्या, "ह्या सालचा गेला." सहज म्हणाल्या, बस चुकल्यासारखं. सरांनी चहाला तोंड लावलं नाही.

आमच्याकडं पुरुष बायकोला दवाखान्यात नेतो, तिच्या गोळ्या वेळेवर देतो, पाय चेपतो, आणि बाहेर विचारलं तर म्हणतो, "जरा काम होतं." सर तसेच. ते खरं बोलले असते तर आमच्यातल्या कुणीही पहिल्याच रविवारी सांगितलं असतं की साठची घ्या. गवताजवळ चार बोटांवर गेलं तरी त्याची हरकत नसते.

आम्हाला खरं कळल्यावर सरांनी एका सकाळीत ठरवलं. कारणही त्यांनीच शोधलं, माझ्या कुठल्याच तक्त्यात ते नव्हतं. गवताचा खरा वैरी म्हणजे वारा. आमचा माळ उंचावर, तिथं वारा कधी थांबत नाही. साठच्या लेन्सनं इतकं जवळ जाता येतं की डाव्या हाताच्या दोन बोटांत गवताची काडी धरायची, त्याच हातावर लेन्स टेकवायची आणि उजव्या हातानं बटण दाबायचं. काडी, हात, लेन्स सगळं एकत्र हलतं, म्हणजे हलतच नाही. दीडशेची असली तर हात काडीपर्यंत पोचतच नाही. हे त्यांनी मला अंगणातल्या हराळीवर करून दाखवलं, आणि त्या वेळी ते शाळेत असताना कसे दिसत असतील ते मला पहिल्यांदा कळलं.

सोलापूरहून वापरलेली पण चांगली लेन्स आली. हिवाळाभर सरांनी घरातलं सगळं काढलं: मोहरी, ज्वारीचा दाणा, मीठ, काकूंच्या लुगड्याचा काठ. सराव चालू होता आणि संध्याकाळी टीव्हीवर परीक्षा. एका संध्याकाळी मी तिथं होते. पडद्यावर वळणावळणाच्या ओळी आल्या, मधून एक आडवा चर.

काकूंनी मान तिरपी केली. "नांगरलेलं रान दिसतंय. कुणाचं हाय?"

"तुझंच," सर म्हणाले. "अंगठा हाय तुझा."

"आन् ही नाली?"

"ती कसली ते तूच सांग."

काकूंनी अंगठा डोळ्याच्या कडेशी नेला, मग टीव्हीकडं बघितलं. "विळा लागला होता, लग्नाआदी," त्या म्हणाल्या. "तुमाला कुठं म्हाईत होता?"

"आता झाला की."

वैशाखात सर गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. काकूंना वाटलं झोप लागलीय, म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला होता. तसाच तो चालू होता, आम्ही गेलो तेव्हा. कंट्रोलर साहेब ओसरीवर डोकं धरून बसले होते. त्यांना मी कार्तिकातली गोष्ट तेव्हाच सांगितली होती. ते हसले नव्हते. आता म्हणाले, "एवढं काय भ्यायचं होतं ह्या माणसानं मला?"

दिवसकार्य उरकल्यावर काकूंनी लेन्सचा डबा माझ्यासमोर ठेवला. "तुमी काढा, मॅडम. मला काय, दिसंल तवर दिसंल."

मी व्यवस्थित नियोजन केलं. पाऊस झाला, माळ हिरवा झाला, भाद्रपद लागला. आणि माळावर उभं राहिल्यावर कळलं की आम्हाला पवन्या ओळखताच येत नाही. दूरची घार ओळखणारे आम्ही तिघं, आणि पायाखाली सगळं नुसतं गवत. काकूंचे भाऊ मेंढरं घेऊन लांब गेलेले. शेवटी मेडिकलवाल्यांनी गाडी काढली आणि आम्ही काकूंनाच माळावर नेलं.

त्यांनी माझा दंड धरला, चप्पल काढली आणि चालू लागल्या. मधेच वाकायच्या, पान बोटांत फिरवायच्या. "हा न्हाय. ही मारवेल हाय. हा कुंदा. चला फुडं." एका उतारावर त्या खाली बसल्या, दोन्ही हात गवतातून फिरवले. बराच वेळ बसून राहिल्या. मेडिकलवाले म्हणाले, "काकू, ऊन लागंल." त्यांनी ऐकलं नाही.

"ह्यो," त्या म्हणाल्या. "अजून पोटात हाय तुरा. आठ दिसांनी बघा."

आम्ही तिथं एक खुंटी ठोकली.

त्यानंतर मी रोज ऑफिसच्या आधी जाऊन येते. आज सकाळी तुरा आला होता. काकूंनी सांगितला तसाच, जांभळट, पिसासारखा. मी गुडघ्यावर बसले, सरांनी दाखवलं तशी डाव्या हाताच्या दोन बोटांत काडी धरली, लेन्स हातावर टेकवली. काडी सुटली. पुन्हा धरली. वारा मोठा होता आणि माझी बोटं सरांची नव्हेत. काढलेल्या सगळ्या फोटोंत जांभळा फराटा आहे, तुरा नाही. ऊन चढलं तसा तो माझ्या डोळ्यांदेखत झडला.

काकूंना फोन केला. "काकू, नाही जमलं. वारा होता."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "वाऱ्याबिगर म्या तरी कवा बघितलाय त्याला?"

मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. पण तसला फोटो मी त्यांना दाखवणार नाही. धूसर त्यांना घरबसल्या दिसतंच. परवा दवाखान्यातून आल्यावर त्यांनी खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढून घेतलीय.

खुंटीपाशी अजून काही काड्या तुऱ्यावर यायच्या बाकी आहेत. उद्या दिवस उगवायच्या आत पोचायचं आहे. काडी धरायला कंट्रोलर साहेब येतो म्हणालेत.