दार लोटण्याआधी

लेकीने लॅपटॉपचं झाकण मिटलं. कडेचा इवला दिवा श्वासासारखा मंद झाला आणि तसाच अडकून राहिला. मशीनला नीट झोपवणारं आणि उठवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हेच तिचं काम.

"अगं आई, मशीन झोपवताना सगळं साठवणारी डिस्क आधीच झोपलेली असते," ती वैतागून म्हणाली. "तेवढ्यात एखादा प्रोग्रॅम मेमरीत जागा मागतो. जागा करायची तर मेमरीतला पसारा त्या झोपलेल्या डिस्कवरच हलवायला हवा. मग मागणारा वाट बघत बसतो आणि मशीन उठतच नाही. लागेल ते डिस्क झोपायच्या आधीच घेऊन ठेवायला हवं."

मी त्या दिव्याकडे बघत राहिले. लहानपणी बाबा रात्रपाळीहून येऊन आतल्या खोलीत झोपायचे आणि घरातलं एकुलतं कपाट तिथेच. दार लोटण्याआधी आई सुईदोरा, माझी वही, कुणी आलंच तर म्हणून साखरेचा डबा, सगळं बाहेर काढायची. नंतर आतलं काही मागायचं नाही. रंगपेटी आत राहिली, तर त्या दुपारी माझा सूर्य पेन्सिलीचाच.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. परवा दुपारी आईकडे गेले, तर आतल्या खोलीचं दार हलकेच लोटलेलं होतं आणि बाहेर टेबलावर साखरेचा डबा.