दाजींची रिसेस

"बसा, बसा मंडळी! मी रिसेस म्हणालो, जेवायला चला म्हणालो नाही!"

बदलापूरच्या हॉलमध्ये माइकवर ओरडत होते ते माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे मिस्टर. आणि लग्न होतं त्यांच्याच लेकीचं. ऐकायला नवरा-नवरी, बौद्धाचार्य आणि छताचे पंखे एवढेच उरले होते. बाकी आख्खा हॉल खाली जिलेबीच्या रांगेत.

इंग्रज जाताना राज्य कोणाकडे सोपवून गेले ते इतिहासात असेल. पण दोन गोष्टींच्या मधली रिकामी जागा आणि तिची यच्चयावत नावं ते माझ्या दाजींच्या ताब्यात देऊन गेले. नाटकाला इंटरव्हल, शाळेला रिसेस, कबड्डीला हाफटाइम, कोर्टाला अ‍ॅडजर्नमेंट, टीव्हीला ब्रेक. एकाचं नाव दुसऱ्याला लावलं की कोणी आपल्या चपला घालून गेल्यासारखे दाजी अस्वस्थ होतात. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर ते निवेदक झाले, तेव्हापासून तर माइकही त्यांच्याच बाजूने. दाजी राहतात त्या हेंद्रेपाड्याच्या मैदानावर एकदा कोणीतरी कबड्डीच्या मध्यंतराला इंटरव्हल म्हणालं. दाजींनी माइक काढून घेतला आणि हाफटाइम म्हणजे काय ते इतकं सविस्तर सांगितलं की दोन्ही संघांचे पाय आखडले, पंच जागीच आडवे झाले आणि आखलेल्या रेषांवर गवत उगवलं, अशी तिकडे अजून बोलवा आहे.

लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही उल्हासनगरला गेलो, तर दुकानाचं शटर अर्धं खाली आणि आत शेठ गादीवर आडवे. "लंच है, साईं." घड्याळात साडेचार. दाजी शटरखालून वाकून म्हणाले, "शेठ, साडेचार बजे लंच नहीं होता. इसको सिएस्टा बोलते हैं." शेठनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "नाम कुछ भी रखो साईं, साडी तो अंदर ही है. इतना झुके हो तो आ भी जाओ." ताई केव्हाच आत जाऊन शालू उलगडून बसली होती. उभ्या संसारात तिने हेच केलं. दाजींना नाव सापडेपर्यंत ती काम उरकून मोकळी.

तर लग्न. वंदना झाली आणि पुष्पहार घालायच्या ऐन आधी बौद्धाचार्यांना ठसका लागला. घोटभर पाण्याचा प्रश्न. दुसरा कोणी गप्प राहिला असता. पण दाजींच्या हातात माइक, आणि समोर बिननावाचा मोकळा वेळ. इंटरव्हल म्हणावं तर लग्न म्हणजे काय नाटक आहे? हाफटाइम म्हणावं तर व्याही रागावतील. दाजींनी पूर्ण विचारांती रिसेस जाहीर केली. आता आमच्याकडची लग्नाची माणसं एक पाय जिन्याकडे ठेवूनच बसतात; माइकवरून काही थांबल्याचं नुसतं कळलं की पंगत सुरू. ठसका संपायच्या आत हॉल रिकामा. शेवटी हार घातले गेले ते ताटं घेऊन परतलेल्यांच्या साक्षीने. उधळलेली फुलं निम्मी मठ्ठ्यात पडली. फोटोत नवरदेवाचे वडील नाहीतच. त्यांचा नंबर तेव्हा नुकता पुलावापर्यंत आला होता.

लेकीची पाठवणी झाली आणि ताईने तिथूनच आमच्या चिखलोलीच्या घरची रिक्षा धरली. "आयुष्यभर ऐकलं," रिक्षात ती म्हणाली. "पोरीचं लग्न तरी गपचूप बसून बघायचं होतं मला." पुढे दाजींचा विषय तिने काढला नाही, आणि आमची काढायची हिंमत नव्हती.

हेंद्रेपाड्यात शेजारीपाजारी विचारू लागले, वहिनी कुठे? दाजींनी आधी हॉलिडे सांगितलं. मग लीव्ह. मग लीव्हचं एक्स्टेन्शन. एकदा मला फोन करून म्हणाले, "गॅप म्हणू का रे?"

"म्हणा की," मी म्हणालो. "पण भाजी कोण करतंय?"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. त्या शांततेला मात्र दाजींनी नाव दिलं नाही. त्यानंतर ते निवेदनाची आमंत्रणंही परत पाठवू लागल्याचं कानावर आलं. हेंद्रेपाड्याची कबड्डी तेव्हापासून म्हणे वेळेत संपते, आणि दाजींना ऐकल्यावाचून कोणालाच घरी जावंसं वाटत नाही.

मग एका रविवारी दुपारी दाजी आमच्या दारात. अंगात निवेदनाचा झब्बा, पण इस्त्री नाही. हातात जिलेबीचा पुडा. खुर्ची पुढे केली तरी उभेच. ताई ओट्यापाशी पाठमोरी. आता कुठली इंग्रजी बाहेर पडते म्हणून आम्ही सगळे कान टवकारून बसलो. दाजी खाकरले. पाणी मागितलं, प्यायले, तांब्या जपून खाली ठेवला आणि एवढ्याशा आवाजात म्हणाले, "चल ना घरी."

ताईने वळूनही बघितलं नाही.

"कुकर लावलाय," ती म्हणाली. "शिट्टी होऊ दे. बसा तोवर."