मावशींच्या डब्याची बाही

"मूठ पडली का?" शेजारच्या मावशी रोज सकाळी विचारायच्या आणि आमच्या सामाईक भिंतीतून मला ते स्पष्ट ऐकू यायचं. तांदूळ धुण्याआधी घरातल्या प्रत्येकाने एक मूठ पत्र्याच्या डब्यात टाकायची, ही त्यांच्या ख्रिस्ती घरातली जुनी रीत. शनिवारी ते तांदूळ कुणा गरजूला जायचे.

डब्याच्या तोंडाला मावशींनी जुन्या झंपराची बाही बांधली होती. कुणी किती टाकलं ते दिसू नये म्हणून. मी एकदा चिडवलं, "आणि कुणी रिकामीच मूठ घातली तर?"

"घालू दे की. हाताला वाट तरी माहीत होते."

मावशींच्या लेकाची अंबडच्या कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा तो कुरकुरला, "आई, आधी आपलं तर भागू दे." मावशींनी वाद घातला नाही. दाणे सांडू नयेत म्हणून त्याच्या मुठीखाली आपला तळहात तेवढा धरला. तो हात भर मे महिन्यातही गार असायचा. मलाही म्हणायच्या, "तुम्हीपण टाका एखादी." मी मुळात हात आखडता घेणारी. "उद्या" म्हणून सटकायचे.

गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या आडव्या झालेल्या मावशी उठल्याच नाहीत. मला ते फार लागलं. पण खरं सांगते, दफनानंतरही सकाळी भिंतीतून "मूठ पडली का?" ऐकू यायचं. कानाची सवय, असं मी मनाला समजावलं. तुम्हीही तेच केलं असतं.

तिसऱ्या शनिवारी पेठ तालुक्याकडची एक बाई पिशवी घेऊन मावशींच्या दारात आली. बांधकामावर राबणारी, नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरं. "मावशी नाय का?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आवाज ऐकून मी शेजारी गेले. सुनेने मला आत ओढलं. "काकू, डब्यात काही नाही हो. आई गेल्यापासून आम्ही मूठच टाकली नाही."

लेक खाली बघत म्हणाला, "मी तर नोकरी गेल्यापासून रिकामाच हात घालत होतो."

"मीसुद्धा," सून म्हणाली.

मग डबा दर शनिवारी भरत कसा होता? मला मावशींचं ताट आठवलं. शेवटचं वर्षभर त्यांनी भाताला हात लावला नव्हता. "पचत नाही," म्हणायच्या.

रिकामा डबा दाखवूनच त्या बाईला सांगावं, म्हणून लेक तो उचलायला गेला. डबा हलेना. त्याने बाही सोडली. आत काठोकाठ तांदूळ होते.

त्या बाईची पिशवी भरली, डबा तळाशी रिकामा झाला. निघताना ती म्हणाली, "पोरं जेवतात म्हणून सांगा मावशीला."

खरं सांगायला कुणाची जीभ रेटेना. "सांगतो," लेक म्हणाला.

मग बाही पुन्हा बांधून त्याने मूठ टाकली. पत्र्यावर टपटप दाणे वाजले. सुनेने टाकली, तेही वाजले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, तरी मी घरून मूठभर तांदूळ आणले आणि बाहीत हात घातला. वाट माहीत नसल्यामुळे चाचपडले जरा.

मूठ उघडली. काहीच वाजलं नाही. माझ्या बोटांखाली एक गार तळहात होता.